पाच ब्रास मोफत वाळू आणि न मोजलेले नदीपात्र

हे प्रकरण मराठवाड्यातील, गोदावरीच्या एका उपनदीकाठच्या गावातील आहे. गाव, तालुका आणि संबंधित व्यक्ती ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. त्या दोन हंगामांत तहसील कार्यालयातील गौण खनिजाचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे पुढे ज्या चुका मांडल्या आहेत, त्यांतील काही माझ्या स्वतःच्या आहेत.

वाळूच्या कारभारावर जे बोलले व लिहिले जाते, ते बहुतेक लिलाव झालेले मोठे वाळूगट, हायवा डंपरांच्या रांगा आणि रात्रीचे छापे यांच्याभोवती फिरते. इथे यांपैकी फारसे काही नव्हते. लिलाव झाला नव्हता, ठेकेदार नव्हता, यंत्रही जवळजवळ नव्हते. घरकुलासाठी दिलेली किरकोळ परवानगी, नऊ-दहा ट्रॅक्टर आणि कागदावर पूर्ण असलेली देखरेख एवढाच सारा पसारा होता.

पार्श्वभूमी

साधी वाळू हे १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार गौण खनिज आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १५ ने तिच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याकडे दिला आहे. महाराष्ट्रात यासाठी २०१३ चे गौण खनिज नियम, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधील कलम ४८ आणि वेळोवेळी निघणारे वाळू धोरण अशी तिहेरी चौकट आहे. धोरण २०१९, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ असे वारंवार बदलले असल्याने कोणत्या हंगामाला कोणता शासन निर्णय लागू होतो, हे तपासण्यातच तालुक्याच्या कार्यालयाचा बराच वेळ जातो. हे तक्रार म्हणून सांगत नाही, परंतु गावपातळीवरचे कर्मचारी नियमापेक्षा जुन्या वहिवाटीवर का चालतात, ते यावरून लक्षात येईल.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने काही बाबींना या मंजुरीतून सूट दिली. ग्रामपंचायत हद्दीतील स्रोतातून वैयक्तिक वापरासाठी किंवा गावाच्या सामुदायिक कामासाठी परंपरेने काढली जाणारी वाळू व माती ही त्यांपैकी एक. सूट योग्यच आहे, कारण ओट्यासाठी चार पाट्या वाळू आणणाऱ्या शेतकऱ्याला खाणकाम आराखडा मागणे हास्यास्पद ठरेल. पण या सुटीबरोबर आराखडा, पूर्वमोजणी आणि पुनर्भरणाचा अभ्यास या तिन्ही गोष्टी आपोआप गळून पडतात आणि त्यांच्या जागी दुसरे काहीच येत नाही.

गावाची लोकसंख्या सुमारे २,४०० होती. त्या वर्षी प्रधानमंत्री आवास योजना व रमाई आवास योजना मिळून ४६ घरकुले मंजूर होती. प्रत्येक लाभार्थ्याला पाच ब्रास वाळू मोफत, म्हणजे एकूण २३० ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. या हिशेबाने पात्रातून साधारण ६५० घनमीटर वाळू निघणार होती. त्यासाठी ६० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ०.६ मीटर खोल असा तुकडा पुरेसा होता आणि तलाठ्याने (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गावनकाशाच्या प्रतीवर तसा तुकडा पेन्सिलने दाखवलाही होता. पात्रात मात्र एकही खुंटी ठोकली गेली नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेने केलेला ठराव एका वाक्याचा होता. घरकुल लाभार्थ्यांना नदीपात्रातून वाळू नेण्यास ग्रामसभेची हरकत नाही, एवढाच त्याचा आशय होता. जागा, खोली, मुदत, वेळ, वाहन यांचा त्यात उल्लेख नव्हता. हा ठराव माझ्या टेबलावरून पुढे गेला आणि मी त्यावर कोणतीही शंका काढली नाही. क्षेत्र अनुसूचित (आदिवासी) असते, तर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीला बंधनकारक वजन दिले असते आणि कदाचित तिच्या शब्दांकडे अधिक काळजीने पाहिले गेले असते. इथे ठराव म्हणजे फाइलला जोडायचा एक कागद होता.

देखरेखीसाठी ग्राम दक्षता समिती होती. सरपंच अध्यक्ष, तलाठी सदस्य सचिव, तसेच ग्रामसेवक, पोलीस पाटील व कोतवाल. सरपंचांच्या पुतण्याचे दोन ट्रॅक्टर गावात भाड्याने चालत होते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि म्हणूनच कुठे नोंदली गेली नव्हती.

अडचण कशी समोर आली

पावसाळ्यातील बंदी, म्हणजे १० जून ते ३० सप्टेंबर हा काळ, संपल्यावर ऑक्टोबरअखेर वाळू वाहतुकीचे पास देणे सुरू झाले. जानेवारीत फिरत्या पथकाने एका रात्री तीन ट्रॅक्टर पकडले. पास नसल्याने ते तहसीलच्या आवारात लावले गेले, कलम ४८ (८) खाली ते ४८ तासांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर सादर झाले, आणि गौण खनिजाची देखरेख चोख चालली आहे अशी आमची समजूत पक्की झाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरपंच तक्रार घेऊन आल्या, पण ती वाळूची नव्हती. नदीकाठच्या पाणीपुरवठा विहिरीचा पंप वीस-पंचवीस मिनिटांत हवा ओढू लागतो, एरवी एप्रिलअखेरपर्यंत असे होत नाही, म्हणून टँकरचा प्रस्ताव घ्यावा अशी त्यांची मागणी होती. टंचाईचे काम दुसऱ्या टेबलावर असल्याने तो अर्ज तिकडे गेला. तीन दिवसांनी मंडळ अधिकारी विहीर पाहायला गेले. विहिरीपासून वरच्या अंगाला सुमारे १४० मीटरवर पात्रात मोठा खड्डा असून त्यात स्वच्छ पाणी साचले आहे, असे त्यांनी फोनवर सांगितले तेव्हा दोन्ही विषय पहिल्यांदा एका फाइलवर आले.

त्याच दुपारी तोंडी आदेश देऊन पास थांबवले. हा पहिला महत्त्वाचा निर्णय होता आणि त्याचा क्रम चुकला. थांबवण्याचा आदेश आधी गेला आणि मोजणीचे पथक सहा दिवसांनी पोहोचले. मधल्या दोन रात्रींत खड्ड्याच्या कडा ट्रॅक्टरच्या फळीने ओढून उतरत्या करण्यात आल्या. त्यामुळे उभी कापलेली कड, म्हणजे नव्या उत्खननाची सर्वांत स्पष्ट खूण, बऱ्याच ठिकाणी पुसली गेली. मोजणी आधी गुपचूप झाली असती आणि आदेश त्यानंतर निघाला असता, तर पुढची बरीच वादावादी टळली असती.

पात्राची मोजणी

मोजणी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे उपविभागातील कनिष्ठ अभियंत्याच्या मदतीने झाली. खड्डा १०५ मीटर लांब, सरासरी २६ मीटर रुंद आणि सरासरी १.१ मीटर खोल भरला, म्हणजे सुमारे ३,००० घनमीटर, अर्थात १,०६० ब्रासच्या आसपास. तोवर ४३ लाभार्थ्यांना २१५ ब्रासचे पास (एका ब्रासला एक) गेले होते. कागद आणि पात्र यांच्यात जवळपास ८४५ ब्रासचे अंतर होते. शिवाय डाव्या काठाशी खड्डा काठापासून चारच मीटरवर आला होता. वाळू उत्खननाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार काठापासून पात्राच्या रुंदीच्या एक चतुर्थांश, आणि कोणत्याही परिस्थितीत ७.५ मीटरपेक्षा कमी नाही, इतके अंतर सोडायचे असते. ९० मीटर रुंदीच्या या पात्रात ते बावीस मीटरहून अधिक व्हायला हवे होते. त्याच सूचनांतील तीन मीटर खोलीची मर्यादा मात्र इथे निरुपयोगी होती, कारण या पट्ट्यात वाळूचा थरच जेमतेम दीड मीटरचा असून खाली चिकण मुरूम लागतो. म्हणजे मर्यादेच्या निम्म्या खोलीतच नदीची सारी वाळू संपते.

८४५ ब्रास गेले कुठे, याचे पहिले उत्तर प्रत्येकाने एकच दिले, ते म्हणजे रात्रीची चोरी. मलाही तसेच वाटले होते. पण आवारात उभ्या असलेल्या तीन ट्रॉल्या मोजल्यावर हिशेब वेगळाच दिसू लागला. मूळ ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २० इंच खोल होती, म्हणजे बरोबर १०० घनफुटांची. तिन्हींवर नऊ इंचांचे जादा फाळके चढवलेले होते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या ट्रॉलीत १४५ घनफूट वाळू मावत होती. सर्व २१५ पासांवर अशाच ट्रॉल्या गेल्या असे धरले, तरी बेरीज ३१२ ब्रासच्या पुढे जात नाही. फरकाचा मोठा भाग त्यातून उलगडत नव्हता.

उलगडा पासांतून झाला. घरकुलाच्या पासावर तारीख आणि वाहन क्रमांक होता, वेळ नव्हती. सकाळी घेतलेला पास सूर्यास्तापर्यंत दाखवता येत होता. एका पासावर दिवसात तीन खेपा झाल्या असे धरले, तर २१५ गुणिले ३ गुणिले १.४५, म्हणजे सुमारे ९३५ ब्रास होतात. उरलेले सव्वाशे ब्रास रात्रीचे किंवा मोजणीतील चुकीचे. म्हणजे वाळूचा मोठा हिस्सा रात्री चोरून गेलेला नव्हता. तो दिवसाउजेडी, आमच्याच सहीचा कागद खिशात ठेवून गेला होता. तीन खेपांचा आकडा हा अंदाज होता, पण मार्चमध्ये लाभार्थ्यांशी वेगवेगळे बोलल्यावर त्याला पुष्टी मिळाली.

ते बोलणे या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम ठरले. घरकुलाची पाया भरणी चालू असलेल्या एका विधवा बाईंनी सगळा व्यवहार अगदी सहज सांगितला, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. वाळू मोफत होती, वाहतूक नव्हती. भरणावळीसह एका खेपेचे भाडे १,१०० रुपये पडत होते. पाच खेपांचे साडेपाच हजार रुपये पहिल्या हप्त्यातून काढणे त्यांना शक्य नव्हते. ट्रॅक्टरवाल्याने भाडे मागितलेच नाही. एक खेप तुमच्या दारात आणि त्याच पासावरच्या पुढच्या दोन खेपा माझ्या, असा सौदा ठरला. बाईंना वाळू मिळाली, ट्रॅक्टरवाल्याला भाड्याच्या कितीतरी पट मोबदला मिळाला, समितीला पास दिसला आणि आमच्या नोंदवहीत एक ब्रास चढला. ज्याच्या नावाने परवानगी आहे त्याच्याकडे वाहतुकीचे पैसे नसतील, तर परवानगीच वाहतुकीचे चलन बनते, ही गोष्ट पाच ब्रासचा हिशेब मांडताना आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती.

विहिरीचे काय, हा प्रश्न तितक्या सरळपणे सुटला नाही. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनी जागा पाहिली. वाळूच्या थरातून निथळून मिळणारे पाणी त्या थराच्या आकारमानाच्या सुमारे वीस टक्के धरले, तर ३,००० घनमीटर वाळूबरोबर सहा लाख लिटरांचा साठा गेला. माणशी ५५ लिटर या दराने ते गावाचे साडेचार दिवसांचे पाणी. एवढ्याने विहीर दोन महिने आधी आटत नाही. भूवैज्ञानिकांच्या मते मोठा परिणाम वेगळा होता. खड्ड्यामुळे आजूबाजूच्या वाळूतील पाणी उघड्यावर येऊन बाष्पीभवनाने जात होते आणि विहिरीकडे येणारा प्रवाह त्या खड्ड्याकडे वळत होता. मात्र त्या वर्षी परतीचा पाऊसही कमी झाला होता आणि वरच्या बाजूला दोन नव्या विहिरींवर ऊस उभा होता. कोणाचा वाटा किती, हे त्यांनी लिहून दिले नाही आणि देता येण्यासारखेही नव्हते. निर्णय या अनिश्चिततेतच घ्यायचा होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दंड व जप्तीचा होता. कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि जप्त वाहन सोडवायला ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी एक लाख रुपयांचा वेगळा दंड व बंधपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार खनिज कायद्याबरोबरच चोरीचा गुन्हाही दाखल करता येतो. ही शस्त्रे भक्कम आहेत, पण ती कोणावर चालवायची? ८४५ ब्रासचा दंड ज्याच्या नावे लिहावा असा एकही इसम नोंदीत नव्हता. पास होते लाभार्थ्यांच्या नावे. कायद्याने पाहिले तर सर्वांत आधी दोषी ठरल्या असत्या त्या पाया खणून बसलेल्या बाई. ग्रामपंचायतीवर सामूहिक दंड बसवावा अशी एक सूचना आली होती. तो अपिलात टिकला नसता, आणि टिकला असता तर तोच पैसा पाणीपट्टीतून वसूल झाला असता.

छाप्यांच्या उपयोगाविषयीही माझे मत तोवर बदलले होते. तहसीलची जीप फाट्यावरून वळली की नदीवर फोन पोहोचत असे. गावातून मदत करायची ती पोलीस पाटलांनी. रात्री ज्याचा ट्रॅक्टर अडवायचा त्याच्याच घरी आठवड्याने साखरपुड्याला जायचे, हे आपल्याला जमणार नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. त्यात लबाडी नव्हती. भावकीत राहणाऱ्या माणसाकडून आपण पथकाच्या शिपायाचे काम मागत होतो. शिवाय वाळूच्या कारवाईत महसूल कर्मचाऱ्यांवर हल्ले होण्याचे प्रकार राज्यात घडलेले असल्याने एकट्या तलाठ्याला रात्री पात्रात पाठवणे मला मान्य नव्हते.

दुसरा पर्याय पात्राकडे जाणाऱ्या वाटांवर चर खोदण्याचा होता. अशा तीन वाटा होत्या. दोन केवळ वाळूसाठी पडलेल्या होत्या, तिसरी जुनी पाणंद होती आणि पलीकडच्या शेतांत जाणाऱ्या बैलगाड्यांना तिच्याशिवाय मार्ग नव्हता. तिन्ही बंद केल्या असत्या तर गाव आमच्या विरोधात एकवटले असते.

तिसरा पर्याय घरकुलासाठीची परवानगीच थांबवण्याचा. वरिष्ठ पातळीवर हाच सर्वांत सोपा मानला जात होता, कारण त्याने जबाबदारी संपते. परंतु मैदानी भागात घरकुलाचे मूळ अनुदान १,२०,००० रुपये आणि पुढचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याशी बांधलेला. वाळू बंद झाली की लाभार्थी काळ्या बाजारातून ती घेणार, म्हणजे ज्या ट्रॅक्टरांना आवर घालायचा त्यांनाच नवे गिऱ्हाईक मिळवून देणार. चौथा पर्याय रीतसर वाळूगट करून लिलाव करण्याचा होता. तो जिल्हा सर्वेक्षण अहवालात नोंद, पर्यावरण मंजुरी आणि लिलाव या वाटेने पुढच्या हंगामापर्यंत पोहोचणार नव्हता, आणि दीड मीटर थराच्या पात्राला तो परवडणाराही नव्हता.

पाचवा पर्याय सुरुवातीला कोणीच सुचवला नव्हता. तो लाभार्थ्यांशी झालेल्या बोलण्यातून तयार झाला. परवानगी चालू ठेवायची, पण वाहतुकीचा व्यवहार उघड करायचा आणि पासाऐवजी पात्र मोजायचे.

काय ठरले आणि काय केले

१ मेच्या ग्रामसभेत मोजणीचे आकडे वाचून दाखवले. आरोप केला नाही, नावे घेतली नाहीत. केवळ पाच ब्रासच्या पासांवर किती वाळू गेली आणि विहीर कुठे आहे, एवढे सांगितले. सभा तापली, पण सरपंचांनी स्वतःहून पुतण्याच्या ट्रॅक्टरांचा विषय काढला आणि पुढच्या हंगामात ते या कामात राहणार नाहीत असे सांगितले. समितीची रचना शासन निर्णयाने ठरलेली असल्याने त्यांना अध्यक्षपदावरून दूर करणे आमच्या हाती नव्हते. त्यांनी हा निर्णय घेतला नसता तर पुढचे काही जमले असते असे मला वाटत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा आम्ही व ग्रामसेवकांनी मिळून आधी तयार केला. तो दोन पानांचा झाला. नवी जागा विहिरीच्या खालच्या अंगाला ४०० मीटरवर घेतली. ५० मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल, म्हणजे ४५० घनमीटर. त्या हंगामात ३१ लाभार्थ्यांचे १५५ ब्रास लागणार होते आणि हा तुकडा तेवढ्यालाच पुरत होता. उत्खननाआधी अभियंत्याने चार रेषांवर तळपातळी घेतली. बंधाऱ्याच्या खांबावर लाल रंगाने आधारखूण केली आणि तुकड्याच्या कडांना दगड पुरले. हे सर्व काम एका दिवसात झाले. पहिल्या वर्षी ते का झाले नाही, याला कोणीही सांगितले नव्हते याखेरीज उत्तर नाही.

वाहतुकीचा दर ग्रामसभेत ठरला. भरणी लाभार्थ्याच्या घरच्यांनी करायची आणि ट्रॅक्टरला खेपेमागे ८०० रुपये रोख द्यायचे. ज्यांच्याकडे तेवढे नव्हते अशा अकरा महिलांना उमेद अभियानातील ग्रामसंघाने (गावातील महिला बचत गटांच्या संघाने) अंतर्गत कर्ज दिले. ते पुढच्या हप्त्यातून फेडायचे होते. ट्रॅक्टर मालकांना हे पसंत नव्हते, हे सांगण्याची गरज नाही. पहिल्या बैठकीला नऊपैकी चारच आले. पण आवारातील तीन ट्रॅक्टरांची उदाहरणे ताजी होती आणि रोख पैसा निश्चित होता. शेवटी पाच जणांनी होकार दिला.

पासावर सुटण्याची वेळ आली आणि तो एका खेपेपुरता झाला. पात्रात त्याचा एक तुकडा फाडायचा आणि घरकुलाच्या जागेवर दुसरा. ट्रॉलीच्या आत २० इंचांवर पांढरी रेघ ओढली, जादा फाळके उतरवले. उत्खनन आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी व शुक्रवारी, सकाळी आठ ते दुपारी चार. मंगळवार गावाचा बाजार असल्याने मजूर मिळेनात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तो बुधवार केला. खेपांची नोंद दक्षता समितीऐवजी त्या दिवशी वाळू नसलेल्या दोन लाभार्थ्यांनी घ्यायची, कारण तुकड्यातील वाळू मोजकीच असल्याने दुसऱ्याने जास्त नेली तर आपल्याला कमी पडेल, हे त्यांना उमगले होते. त्यांच्याइतका जागरूक पहारेकरी शासनाला नेमता आला नसता. दोन वाटांवर चर खोदले, पाणंद मोकळी ठेवली.

फलित

हंगामाअखेर त्याच चार रेषांवर पुन्हा पातळी घेतली. ४८४ घनमीटर, म्हणजे १७१ ब्रास निघाले होते. १५५ च्या तुलनेत सोळा ब्रास जास्त. ट्रॉली काठोकाठ भरताना होणारी चूक आणि कडांची पडझड पाहता हा फरक आम्ही मान्य केला. तो कारवाईलायक नाही, असे कारणांसह टिपणीत लिहून ठेवले.

जानेवारीत पकडलेल्या तीन ट्रॅक्टरांपैकी एका मालकाने कलम २४७ खाली अपील केले. पंचनाम्यात ट्रॉलीची मोजमापे नव्हती, केवळ अंदाजे एक ब्रास असे लिहिले होते. दंडाची रक्कम कमी झाली. मोजमापे नंतर आवारात घेतली होती, पण ती पंचनाम्याचा भाग नसल्याने उपयोगी पडली नाहीत.

विहीर त्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. हे आमच्या उपायांचे यश म्हणून अहवालात लिहावे असा आग्रह झाला, मी तो मानला नाही. पाऊस आदल्या वर्षापेक्षा चांगला होता आणि जुना खड्डाही पुराने बराच भरला होता. मात्र तो भरला गाळाने. वरच्या मध्यम प्रकल्पाच्या धरणात वाळू अडते आणि सांडव्यावरून येते ती माती. खड्ड्याच्या जागी हाताने खणले तेव्हा वर वितभर काळा गाळ आणि त्याखाली वाळू व मातीचे मिश्रण लागले. त्यातून पाणी वाळूइतके सहज झिरपत नाही. पात्र वरून सपाट दिसते म्हणून ते पूर्ववत झाले, असे समजणे चूक आहे.

रात्रीचे उत्खनन थांबले नाही. ते तीन किलोमीटर वर, शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकले. सामील न झालेल्या चारपैकी निदान दोन ट्रॅक्टर तिथे दिसत होते. त्या गावात घरकुले कमी होती, पाण्याची विहीर नदीपासून दूर होती आणि ग्रामसभेला या विषयात रस नव्हता.

काय वेगळे करता आले असते

मोजणी आधी न करण्याची चूक सर्वांत महाग पडली. पहिल्या ऑक्टोबरात आधारखूण असती, तर ८४५ ब्रासचा आकडा केवळ कार्यालयीन अंदाज न राहता पुरावा झाला असता. खड्डा आदल्या पुराचाच आहे, हा ट्रॅक्टर मालकांचा बचावही तिथेच संपला असता. पर्यावरण मंजुरीतून सूट असलेल्या परवानगीलाही तळपातळीच्या चार रेषांची अट तहसील स्तरावर घालता येते. त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या गावाची. नदीचा पट्टा दोन्ही गावांचा एकच होता आणि दोन्ही ठराव एकाच आठवड्यात होणार होते. मी एकाच गावात गुंतलो, कारण तक्रार तिथून आली होती. दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक घेणे अवघड नव्हते. हा दोष सर्वस्वी माझा.

तिसऱ्या बाबतीत मला अजून निश्चित मत बनवता आलेले नाही. पायाभरणी व जोत्याच्या कामाला क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालली असती आणि नदीची वाळू केवळ गिलाव्यापुरती ठेवता आली असती. तसे झाले असते तर पाचऐवजी दोन ब्रासमध्ये भागले असते. पण खडीकेंद्र तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तिथून येणाऱ्या वाळूला किंमतही होती, भाडेही. ग्रामसंघाच्या कर्जाची रक्कम त्यामुळे तिप्पट झाली असती. दोन घरकुलांवर प्रयोग करून पाहण्याइतका वेळ आमच्याकडे होता, आम्ही तो केला नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. बंधाऱ्याच्या खांबावरची लाल खूण पुरात फिकी पडते, म्हणून ती दरवर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा रंगवावी आणि त्याच दिवशी जुन्या खड्ड्यावरही एक रेषा घेऊन गाळाची जाडी नोंदवावी, एवढे ठरावाच्या शेवटच्या परिच्छेदात घातले होते. पहिल्या वर्षीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले. दुसऱ्या वर्षी खूण रंगवली गेली, मात्र अभियंता मिळाला नाही म्हणून पातळी घ्यायची राहिली.